तिसरा नंबर

गेल्या आठवड्यात धाकटी शाळेतून धावतच आली. "अम्मी, चित्रकलेत माझा तिसरा नंबर आला!" मी चपात्या लाटत होते. तोंडून निघून गेलं, "पहिला कुणाचा?" तिचा चेहरा उतरला. प्रमाणपत्र दप्तरात कोंबून ती आत गेली.

रात्री मला २०२३ची पुरुषांची जागतिक आइस हॉकी स्पर्धा आठवली. फिनलंडमधलं टाम्पेरे आणि लाटव्हियाची राजधानी रीगा इथं ती झाली. लाटव्हिया वीस लाखांहूनही कमी वस्तीचा देश. त्यांनी स्वीडनला ३-१ असं हरवलं, मग उपांत्य फेरीत कॅनडाकडून हरले. तिसऱ्या जागेसाठी समोर अमेरिका. रुबीन्स या बचावपटूनं आधी बरोबरी साधली आणि जादा वेळेत विजयी गोलही त्यानंच केला. ४-३! या स्पर्धेतलं देशाचं पहिलंच पदक, तेही कांस्य. सोनं कॅनडानं नेलं होतं. तरी त्याच रात्री लाटव्हियाची संसद भरली आणि दुसऱ्या दिवशी देशभर सुट्टी जाहीर झाली. रीगाच्या स्वातंत्र्य स्मारकापाशी हजारो लोक जमले.

एक अख्खा देश तिसऱ्या नंबरावर खूश होऊ शकतो. मी तर नुसती आई, त्यात शिक्षिका. वर्गात रोज शाबासकी वाटते, घरात मात्र हात आखडला.

सकाळी तिच्याकडून प्रमाणपत्र मागून घेतलं, भिंतीवर लावलं. विचारलं, "बेटा, चित्र कशाचं काढलं होतंस?"

शाळेची वेळ होईपर्यंत ती बोलतच होती.