दुपारचा दम आणि रात्रीचा दम

दिवाळीच्या आधी माझ्या ओपीडीत एक तक्रार दरवर्षी ठरलेली. दुपारी गाद्या झटकल्या, माळ्यावरचं सामान खाली काढलं आणि पाच-दहा मिनिटांत शिंका, घरघर, धाप. पंप ओढला, मोकळं वाटलं. मग रात्री, धुळीजवळ न जाताही, पुन्हा दम लागला. या वेळी पंपानेही पुरता उतार पडेना. "दुपारी तर बरं वाटलं होतं हो, डॉक्टर," असं सांगतात. वाटलं होतं हे खरं. पण आजार तेव्हाही आत चालूच होता.

दुपारचा दम मास्ट पेशींचा. श्वासनलिकांच्या अस्तरात त्या आधीपासून ठाण मांडून असतात आणि त्यांच्या अंगावर आयजीई ही प्रतिपिंडे चिकटलेली असतात. गादीच्या धुळीत आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे माइट नावाचे सूक्ष्म जीव असतात. त्यांच्या विष्ठेतली प्रथिने आयजीईला भिडली की मास्ट पेशी क्षणात फुटल्यासारखी रिती होते. हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन बाहेर पडतात, नळीभोवतीचा स्नायू आवळतो. पंपातलं साल्ब्युटामॉल तोच स्नायू सैल करतं, म्हणून आराम इतका झटपट मिळतो.

आयजीईचा माग कसा लागला, ही कथा मला फार प्रिय आहे. हाइन्झ क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. 1921 मध्ये त्यांचा रक्तद्रव कार्ल प्रॉसनिट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासे पचवणाऱ्या त्या माणसाच्या कातडीवर गांध उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून दुसऱ्याला देता येत होती, पण ती वाहून नेणारा पदार्थ हाती लागायला चार दशकांहून अधिक काळ गेला. तो शोधला अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधल्या उप्साला इथे योहान्सन आणि बेनिक यांनी. 1968 मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं.

रात्रीचा दम वेगळ्या पेशी आणतात. माइटच्या प्रथिनांपैकी काही अस्तराच्या पेशींमधले सांधे चक्क कापतात. दुखावलेलं अस्तर टीएसएलपीसारखे इशारे सोडतं. ते ऐकून टी पेशींचा दुसरा गट, ज्याला आम्ही टीएच-2 म्हणतो, आणि 2010 च्या सुमारास ओळख पटलेल्या आयएलसी-2 पेशी कामाला लागतात. त्यांनी सोडलेल्या इंटरल्युकिन-13 मुळे चिकट कफ वाढतो. इंटरल्युकिन-5 अस्थिमज्जेतून इओसिनोफिल पेशी बोलावून घेतं. त्या पोहोचायला काही तास लागतात. रात्रीपर्यंतचा उशीर हाच. आल्या की त्या आपल्या कणांतली विषारी प्रथिने सोडतात, अस्तर सोलवटतं आणि नळी इतकी हळवी होते की उदबत्तीचा धूर किंवा थंड वारासुद्धा पुरतो.

साल्ब्युटामॉल या पेशींना हात लावत नाही. त्यांना आवर घालतं ते श्वासावाटे घेतलेलं स्टेरॉइड, पण त्याचा पुरता परिणाम दिसायला दिवस लागतात. म्हणून लोकांना तो पंप निरुपयोगी वाटतो आणि झटपट आराम देणारा तेवढा जवळचा वाटतो. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दम्याचे उपचार करू नयेत, असं 'जीना' या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी 2019 मध्ये स्पष्टच सांगितलं. आपल्याकडे मात्र "रोज घेतलं तर सवय लागेल" ही भीती घरोघर आहे, आणि तिच्यापायी माणसं वर्षानुवर्षं सुजलेल्या नळ्या घेऊन जगतात. याचा मला मनापासून त्रास होतो.

इंटरल्युकिन-5 अडवणारं मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन सुरुवातीच्या चाचण्यांत निष्प्रभ ठरलं होतं, कारण ते सरसकट सगळ्या दमेकऱ्यांना दिलं होतं. 2009 मध्ये ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल होते असेच रुग्ण निवडले, तेव्हा झटके स्पष्टपणे कमी झाले. औषध तेच होतं. रुग्णाच्या छातीत कोणती पेशी आहे हे आधी पाहिलं गेलं, एवढाच फरक. ज्यांच्या दम्यात इओसिनोफिल नाहीत, न्यूट्रोफिल जास्त आहेत, त्यांना स्टेरॉइडचाही फायदा कमीच होतो.

आपल्याकडे हे पाहण्याची सोपी वाट म्हणजे रक्ताचा साधा रिपोर्ट. त्यात इओसिनोफिलचा आकडा छापलेला असतो आणि बहुतेक वेळा कोणी तो वाचत नाही. मात्र वाचताना सावधपणा हवा. पोटातल्या जंतांनीही तो वाढतो. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या हत्तीरोगाच्या पट्ट्यातल्या माणसाला रात्रीचा खोकला आणि घरघर असेल आणि आकडा 3000 च्या वर गेला असेल, तर ते हत्तीरोगाच्या कृमींमुळे फुफ्फुसात उठलेलं दुखणं असू शकतं. त्यावर पंप नव्हे, डायइथिल कार्बामाझिनच्या गोळ्या लागतात. उलट स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आकडा खाली दबलेला दिसतो. म्हणून रिपोर्ट दाखवताना, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या आणि कधी, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.