पेरूचे खोड

म्हैसूर हे लाकडाचे कौतुक जाणणारे शहर आहे. येथील चंदनतेलाच्या कारखान्याला शतक उलटून गेले आहे, आणि शिसवी फळ्यांवर हत्तींची नि रानांची चित्रे जडवणाऱ्या कारागिरांची कीर्ती दूरवर पोचली आहे. अशा गावात राहून मी आपल्याशी बोलणार आहे ते मात्र लाकडाच्या एका अगदी साध्या उपयोगाविषयी. तो म्हणजे घरातील माशांच्या काचपेटीत वाळक्या लाकडाचा एखादा वाकडातिकडा तुकडा ठेवणे.

पुष्कळ घरांत अशी पेटी असते. तळाशी रंगीत खडे आणि मागे निळा कागद असतो, पण मासे बिचारे कोपऱ्यात दाटीने उभे असतात आणि कोणी जवळून गेले की दचकतात. त्याचे कारण नदीकाठी गेल्यावर समजते. म्हैसूरच्या नैर्ऋत्येस कपिला नदीवरील धरण १९७४ साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्यात बुडालेल्या वृक्षांची निष्पर्ण खोडे आजही पाण्यातून डोके वर काढून उभी आहेत. त्यांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख वाळवीत बसतात. पाण्याखालील लाकडावर शेवाळाचा पातळ थर धरतो, त्यावर बारीक जीव पोसतात आणि त्यांच्यासाठी मासे येतात. मोठ्या माशाची चाहूल लागताच लहान मासे अशाच मुळ्याखोडांत दडतात. आपण ज्याला शोभेची वस्तू म्हणतो, तो माशांचा आसरा असतो.

म्हणूनच, वाचकहो, हे लाकूड नदीतून उचलून आणू नये. तेथे ते कोणाचे तरी घर आहे. शिवाय १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार वाहत आलेले वा काठाला लागलेले लाकूड, कोणी त्यावरील आपला हक्क सिद्ध करीपर्यंत, सरकारचे समजले जाते. आणि राष्ट्रीय उद्यानातून तर परवानगीवाचून काहीच नेता येत नाही.

आम्हांला आमचे लाकूड परसात मिळाले. सासूबाईंनी या घरात आल्या वर्षी लावलेला पेरू हळूहळू वाळत गेला आणि अखेर तोडावा लागला. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून परसाकडे जाईनाशा झाल्या. सरपणात जाणाऱ्या लाकडांतून माझ्या मुलीने बुंध्याजवळचा, मुळांच्या फाट्यांचा एक तुकडा मागून घेतला.

तो लगेच पाण्यात घालण्याजोगा नव्हता. ओले लाकूड पेटीत कुजते, म्हणून साल काढून तो उन्हाळाभर वाळवला. मग कुंचल्याने घासून मोठ्या पातेल्यात दोन-तीन तास उकळला, तेव्हा पाणी कडक चहासारखे झाले. पुढे महिनाभर बादलीत दगडाखाली दाबून ठेवला आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलले. वाळके लाकूड प्रथम तरंगते. पाणी पिऊन जड झाले की आपसूक तळाशी बसते.

तो तपकिरी रंग म्हणजे घाण नव्हे. चहात असते तसले तुरट द्रव्य लाकडातून उतरते, आणि त्याने पाणी किंचित आम्ल होते. दक्षिण अमेरिकेतील अरण्यांच्या ओहोळांतून आलेल्या निऑन टेट्रांना असलेच पाणी मानवते. रंग नकोच असेल तर गाळणीत सक्रिय कोळसा घालावा. पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा बुरशीसारखा थर येतो. तो सहसा निरुपद्रवी असतो, आणि आपोआप नाहीसा होतो. मात्र म्हैसूरचा अभिमान असलेले चंदन येथे चालत नाही. सुगंधी तेलाचे, डिंकाळ, रंगवलेले किंवा कीटकनाशक फवारलेले कोणतेही लाकूड माशांना बाधते. समुद्रकाठचे लाकूड मिठाने भरलेले असते, तेही गोड्या पाण्याच्या पेटीत घालू नये.

खोड पेटीत ठेवले त्या संध्याकाळी मासे दूरच राहिले. तिसऱ्या दिवशी दोन टेट्रा मुळांच्या कमानीखाली शिरले. आठवड्याभरात साऱ्या थव्याने तेथे ठाव घेतला आणि मग तो निर्धास्तपणे पेटीभर हिंडू लागला. आसरा जवळ आहे हे ठाऊक असले म्हणजे मोकळेपणी बाहेर पडता येते, हे माशांच्या बाबतीतही खरे आहे. सासूबाई खुर्ची ओढून बराच वेळ पाहत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे झाडाखाली अजून कोणीतरी राहतेच आहे."

आपल्या अंगणातही एखादे पेरूचे झाड वठले असेल. ते सरपणात जाण्यापूर्वी त्याच्या बुंध्याकडे एकवार निरखून पाहा. आणि तुकडा निवडताना तो आपल्या दिवाणखान्याला किती शोभेल यापेक्षा त्याच्या आडोशाला किती मासे मावतील, याचा विचार आधी करा.