कानाचा न्याय

मराठीत आपण बहुधा जसे उच्चारतो तसेच लिहितो. इंग्रजीत तसे नाही. म्हणूनच 'अ' आणि 'ॲन' हे दोन चिमुकले शब्द आपल्याला चकवितात. स्वरापूर्वी 'ॲन' आणि व्यंजनापूर्वी 'अ', हा नियम तुम्ही घोकलेला असेल. पण येथे स्वर-व्यंजन ओळखावयाचे ते कानांनी, डोळ्यांनी नव्हे. 'हाऊस' आणि 'अवर' या दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर 'एच'च. परंतु 'अवर'मध्ये ते मुके आहे. म्हणून 'अ हाऊस', पण 'ॲन अवर'.

मी मुख्याध्यापक असताना एक विद्यार्थिनी उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. तिने 'अ युनिव्हर्सिटी' असे लिहिले होते आणि 'यू' हा स्वर म्हणून परीक्षकांनी तिचा गुण कापला होता. तिचे डोळे भरून आले होते.

"तो शब्द मोठ्याने उच्चार पाहू," मी म्हणालो.

"युनिव्हर्सिटी." क्षणभर थांबून ती उद्गारली, "गुरुजी, आरंभी 'य' येतो!"

'य' हे तर व्यंजन! तिचा गुण तिला परत मिळाला.

स्वरापूर्वी 'अ'ला 'न' जोडतात, असे पुष्कळांना वाटते. खरा प्रकार उलटा आहे. मूळ शब्द 'ॲन'. त्याचा अर्थ 'एक'. पुढे व्यंजन आले की, बोलता बोलता त्यातील 'न' गळू लागला. हा 'न' मोठा भटक्या! कपडे मळू नयेत म्हणून पुढे बांधावयाच्या वस्त्राला इंग्रज पूर्वी 'नॅप्रन' म्हणत. 'अ नॅप्रन' हे ऐकणाऱ्यांना 'ॲन ॲप्रन' असे ऐकू येई. शेवटी बिचाऱ्या नॅप्रनचा 'न' शेजारच्या घरी कायमचा राहावयास गेला.