परत येण्याची पुस्तकं

आगरदांड्याला रात्री घरात कोण असेल, हे घड्याळावर ठरत नाही. राजपुरीच्या खाडीला भरती कधी आहे, बोटीत बर्फ आणि डिझेल भरून झालं का, वारा कुठला सुटलाय, यावर ते ठरतं. कुणाचा बाप धंद्यावर गेलेला असतो, कुणाचा आखातात, कुणाचा मालवाहू जहाजावर. कुणाची आई अंधारातच टोपली घेऊन मुरूडच्या बाजाराला निघते आणि मूल जागं होतं तेव्हा अंथरुणातली तिची जागा गार झालेली असते. समोर दिघी दिसते. दिवसभर फेरीबोट ये-जा करते, माणसं आणि गाड्या सकाळी पलीकडे जातात, संध्याकाळी परततात. जाणं-येणं म्हणजे काय, हे इथल्या मुलाला शिकवावं लागत नाही. चार शब्द बोलायला लागलं, की त्यातला एक प्रश्न ठरलेला असतो : बाबा कधी येणार?

मुलांना झोपताना वाचून दाखवायची चित्रांची पुस्तकं अशा गावात उघडली, की ती जरा वेगळी दिसू लागतात. विशेषतः आईबाप आणि मूल यांच्या मायेवरची. दुकानात चाळताना ती गोड वाटतात, आणि गोड वाटतात म्हणूनच घेतली जातात. माझ्या मुलीला आणि आळीतल्या पोरांना ती वाचून दाखवता दाखवता मला मात्र असं वाटू लागलं, की त्यांचा खरा विषय परत येणं हा आहे. माया आहेच, पण मुलाला तिची खात्री पटते ती कुणीतरी गेल्यावर आणि परत आल्यावर.

मार्गारेट वाइज ब्राऊन यांचं 'द रनअवे बनी' 1942 साली अमेरिकेत निघालं. चित्रं क्लेमंट हर्ड यांची. सशाचं पिल्लू आईला म्हणतं, मी पळून जाणार. आई म्हणते, मग मी मागे येणार. पिल्लू मासा होतं, तर आई गळ घेऊन उभी राहते. पिल्लू शिडाची होडी होतं, तर आई वारा होते आणि होडीला आपल्याला हवं तिकडे नेते. ही गोष्ट मी मराठीत सांगते तेव्हा आमची पोरं जराही बुजत नाहीत. मासा, गळ, शीड, वारा सगळं त्यांच्या घरचंच. फक्त एका ठिकाणी ती थबकतात. पुस्तकात पोर निघून जातं आणि आई मागे जाते. यांच्या घरी बाप जातो आणि पोर मागे राहतं.

त्यांच्या जवळची गोष्ट म्हणजे 'आउल बेबीज'. मार्टिन वॉडेल यांनी लिहिलेली आणि पॅट्रिक बेन्सन यांनी चित्रं काढलेली, 1992 सालची. घुबडाची तीन पिल्लं रात्री जागी होतात, तर ढोलीत आई नाही. थोरली धीर देत राहते, मधला तिची री ओढतो आणि धाकट्याला फक्त आई हवी असते. तो प्रत्येक वेळी तेवढंच म्हणतो. पुढे काही मोठं घडत नाही. पिल्लं बाहेर येऊन वाट पाहतात, अंधार दाट होत जातो आणि मग आई येते. जहाजावर काम करणाऱ्या माझ्या नवऱ्याने एका बंदरातून हे पुस्तक आणलं, तेव्हा सासूबाईंनी आधी हरकत घेतली. दिवेलागणीनंतर घुबडाचं नाव घरात कशाला? पण चित्र बघितल्यावर त्या विरघळल्या. घुबडाचा त्यांनी पिंगळा केला आणि इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना, नुसत्या चित्रांवरून, माझ्यापेक्षा सरस गोष्ट सांगू लागल्या. त्यांच्या गोष्टीत आई नुसती 'गेलेली' नसते. ती कुठे गेली, काय शोधायला गेली, येताना चोचीत काय घेऊन आली, हे सगळं असतं. ज्या बाईने आपल्या नवऱ्याची आणि नंतर मुलाची वाट पाहिली, तिला ती रिकामी ढोली भरून काढावीशी वाटली, यात नवल नाही.

सॅम मॅकब्रॅटनी यांचं 'गेस हाउ मच आय लव्ह यू' 1994 सालचं आहे, चित्रं अनिता जेरम यांची. त्यात कुणीच कुठे जात नाही. मोठा ससा आणि छोटा ससा आपलं प्रेम हात पसरून, उड्या मारून मोजतात. तरी तिथेही शेवटी डोळे मिटतातच. लहान मुलाच्या लेखी झोप हेसुद्धा निघून जाणंच असतं. आई शेजारी असली तरी तिला सोडून एकट्याने तिकडे जायचं. म्हणून तर मुलं झोपायच्या वेळी पाणी मागतात, शूची आठवण काढतात, दाराची कडी लावली का विचारतात. त्या गोष्टीत छोटा ससा झोपल्यावर मोठा ससा एक शेवटचं वाक्य बोलतो. ते छोट्याला ऐकू जात नाही. पण पुस्तक ऐकणाऱ्या मुलाला ते ऐकू येतं आणि आपण झोपल्यावरही कुणीतरी जागं असतं, हे त्याला कळतं.

एकच पुस्तक मुलं रोज का मागतात, याचं उत्तर मला इथेच मिळालं. गोष्ट त्यांना पाठ असते, पुढे काय होणार ते माहीत असतं, एखादं वाक्य गाळलं तर ती आपल्याला धरतात. तरीही पुन्हा तेच. कारण काल आई परत आली होती, हे आजच्या रात्रीला पुरत नाही. आज ती पुन्हा यायला हवी. मोठी माणसं कंटाळून नवं पुस्तक पुढे करतात. मुलाला मात्र नवी गोष्ट नको असते, त्याला आजची खात्री हवी असते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारल्या जातात, जाळी घरात येतात आणि जाळ्यांबरोबर बापही. आमच्या शेजारी एका बोटीचा तांडेल राहतो. शाळा त्याने लहानपणीच सोडली. एका पावसाळ्यात त्याचा पाच वर्षांचा मुलगा आमच्याकडून माधुरी पुरंदरे यांचं 'बाबांच्या मिश्या' घेऊन गेला. अनू नावाच्या मुलीला बाबांच्या मिश्यांचं भारी कौतुक, अशी ती गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी काही कामाने त्यांच्या ओटीवर गेले, तर बापलेक पुस्तक घेऊन बसलेले. दुरुस्तीला काढलेलं जाळं एका बाजूला सारलेलं. दोराने कापलेलं, काळवंडलेलं तांडेलाचं बोट एकेका अक्षराखालून सरकत होतं. जोडाक्षर आलं की तो थांबायचा, ओठांतल्या ओठांत जुळवायचा, मग मोठ्याने म्हणायचा. पोराला सगळं पाठ होतं, पण त्याला घाई नव्हती. बाप अडला की ते त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. एकदा बापाने ओळ गाळली, तेव्हा मात्र ते पटकन म्हणालं, "नाय बाबा, असा नाय." बापाने निमूट मागे येऊन ओळ वाचली. मग पोराने चित्रातल्या मिश्यांवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने बापाच्या मिश्या चाचपल्या. दोन्ही नीट तपासून झाल्यावर पान उलटायची परवानगी मिळाली.

वादळात बोट हाकणाऱ्या त्या माणसाला मुलाशी लाडाने बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं. माया नव्हती असं मुळीच नाही. धंद्यावरून येताना पोराला आवडतं म्हणून वेगळं काढून ठेवलेलं म्हावरं, सणाला घेतलेला शर्ट, यांतून ती दिसायचीच. पण पोराच्या शेजारी रिकाम्या हाताने बसायला त्याला काही निमित्त नव्हतं. पुस्तकाने ते दिलं. दोघांना एकमेकांकडे बघत बसायला अवघड वाटतं, एकाच पानाकडे बघत बसायला वाटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली अगदी तान्ह्या वयापासून मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, असा सल्ला दिला. भाषा, मेंदूची वाढ ही त्याची कारणं महत्त्वाची आहेतच. त्या ओटीवर मात्र मला दिसला तो कामाला जुंपलेल्या एका बापाने मुलाला दिलेला सगळाच्या सगळा वेळ.

या पुस्तकांचा कस लागला तो 3 जून 2020 नंतर. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी याच पट्ट्यावर आदळलं. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब वाकले. कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. माझा नवरा तेव्हा जहाजावर होता. करार संपला होता, पण कोरोनामुळे जगभर खलाशांची अदलाबदल ठप्प झाली होती आणि लाखो माणसं त्याच्यासारखी समुद्रात अडकून पडली होती. वादळापर्यंत निदान त्याचा आवाज येत होता, आता तोही नव्हता. मुलगी चार वर्षांची होती. रात्री कंदील लावून आम्ही पिंगळ्याच्या पिल्लांचं पुस्तक उघडलं. तिने आधी शेवटचं पान काढलं, आई आली आहे ना ते बघितलं आणि मगच मला पहिल्यापासून सुरुवात करू दिली. मध्येच विचारलं, "तिला वाटेत वारा लागला असेल?" मी म्हटलं, "लागला असेल. पण तिचे पंख मोठे आहेत." यावर तिने चित्रातल्या आईचे पंख बोटाने मोजून पाहिले आणि मान डोलावली.

बाबा अमुक दिवशी येईल, असं मी तिला त्या रात्री सांगू शकत नव्हते. मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. दर्याकाठच्या घराला हेही ठाऊक असतं, की गेलेला प्रत्येक जण परत येतोच असं नाही. मग मुलांना रोज रात्री परत येण्याच्या गोष्टी सांगणं म्हणजे त्यांना खोटा भरवसा देणं का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

त्याचं उत्तर आमच्यापासून फार दूर नाही. खाडी ओलांडून दिघीला उतरायचं, श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे टाकायचं, बागमांडल्याला सावित्री पार करून वेसवीला लागायचं आणि पुढे दापोली तालुक्यातलं पालगड गाठायचं. साने गुरुजींचा जन्म तिथला, 24 डिसेंबर 1899 चा. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं आणि पुस्तकाचा बहुतेक भाग पाच दिवसांत हातावेगळा केला. त्यातल्या प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलं नाही. त्या रात्री आहेत, बेचाळीस रात्री. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. ते चित्रांचं पुस्तक नाही आणि चार वर्षांच्या मुलाला झेपणारंही नाही. पण रात्र आहे, जवळ बसलेले ऐकणारे आहेत आणि आईबद्दल बोलणारा एक आवाज आहे. आई तर केव्हाच गेलेली आहे. तिच्या शेवटच्या क्षणी श्याम तिच्याजवळ पोहोचूही शकला नव्हता. तरी रोज रात्री ती येते, विहिरीवरून येते, स्वयंपाकघरातून येते, रागावते, जवळ घेते. लहानपणी तिने त्याला जे दिलं, त्याच्या आधाराने तो तिला परत आणतो.

शरीराने परत येणं माणसाच्या हातात नेहमीच नसतं. आपला आवाज, आपलं शेजारी बसणं मुलाजवळ ठेवून जाणं मात्र हातात असतं. झोपतानाचं वाचन म्हणजे ही ठेव. म्हणून त्या गोष्टींना मी आता खोटा भरवसा म्हणत नाही. माझा नवरा हिवाळ्यात घरी आला. तेव्हापासून दर वेळी निघण्याआधी तो मुलीची आवडती पुस्तकं फोनवर वाचून ठेवतो, मधल्या खोकल्यासकट. ती पुस्तक उघडून बसते आणि त्याच्या आवाजाबरोबर पानं उलटते.

मराठीत अशी पुस्तकं पुष्कळ हवीत आणि खेड्यापाड्यांत पोहोचायला हवीत. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आणि यश नावाच्या मुलाची पुस्तकं पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली. त्यांतले आईबाबा आपल्या शेजारी राहतील असे आहेत. तूलिका प्रकाशनाची दोन भाषांतली पुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बालपुस्तकालय ही स्वस्त माला आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून मराठी गोष्टीही फुकट वाचू देतं. तरीही वल्ह्यावर हात असलेला, आखातातून फोन करणारा बाप मला या पानांत क्वचितच भेटतो. पहाटे टोपली घेऊन निघणारी आईही तशीच विरळा. आमच्या पोरांना आपली वाट पाहणं चित्रात दिसायला हवं. कुणी चित्रकार, लेखक हे वाचत असेल तर त्याने पावसाळ्यात या किनाऱ्यावर येऊन राहावं.

तोवर आहेत ती पुस्तकं मासेमारीची बंदी लागायच्या आत घरात आणावीत. 61 रात्री बाप घरी असतो. त्या जाळ्यांच्या दुरुस्तीत आणि टीव्हीसमोर जाऊ देऊ नयेत. वाचता नीट येत नसेल तर चित्रं बघून सांगावं, अडखळावं, पोराने चुका काढल्या तर काढू द्याव्यात. शेवटचं पान मात्र कधी गाळू नये. मूल मध्येच झोपलं तरी ते मोठ्याने वाचून मगच पुस्तक मिटावं. ऑगस्टमध्ये ज्याला निघायचं आहे, त्यानेही परत येण्याचं ते वाक्य रोज स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं.