तोड

आमच्या घरी दोन तऱ्हेची तोड होती. एक उसाची, दुसरी पटावरची.

पाटोदा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीत एक फरशी होती. दादांनी बोथट झालेल्या कोयत्याच्या टोकानं तिच्यावर पाच बाय पाच, पंचवीस घरं कोरलेली. चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि ऐन मध्यावर फुल्या. नागपूरकडे या खेळाला चल्लस-आठ म्हणतात, आम्ही नुसता ‘पट’ म्हणायचो. चिंचोके दगडावर घासून अर्धे केले की एक अंग पांढरं, एक तपकिरी. असे चार ओंजळीत खुळखुळवून टाकायचे. जितकी पांढरी तितकी घरं चालायची. सगळी पालथी पडली तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव. दादांच्या सोंगट्या ज्वारीच्या धाटाच्या, मायच्या फुटक्या बांगडीच्या, आजीचे खडे आणि माझे अख्खे चिंचोके. बाहेरचा वळसा पुरा झाला तरी आतल्या घरांत शिरता येत नसे. त्याआधी दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारलेली लागायची. त्या मारण्यालाच आमच्याकडे तोड म्हणत.

माय निर्दय खेळायची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पण आमच्या कोयत्याचा हिशेब, मुकादमाची उचल किती, फिटली किती, सगळा तिच्या डोक्यात. सासूची सोंगटी मारताना तिचा हात कधी अडखळला नाही. सुनेला तेवढी एकच जागा मोकळी होती, असं आता वाटतं.

पट पावसाळ्यातला. दसरा झाला की भांडी, पीठ, कोंबड्या गाडीत चढायच्या आणि दोघं कोल्हापूर-सांगलीकडे निघायची. मी शाळेपायी आजीजवळ. एका वर्षी निघायच्या रात्री डाव अर्धाच राहिला. आजीनं सोंगट्या होत्या तिथंच ठेवून वर डालगं पालथं घातलं. दोघांच्या नावानं मीच चिंचोके टाकायला लागलो तर हातावर फटका बसला. “ज्याचा डाव त्यानंच टाकावा.”

पाच महिने ते डालगं तिथंच. झाडतानाही आजी त्याला वळसा घालायची. चैत्रात दोघं परतली, हातांवर पाचटाचे ओरखडे घेऊन. डालगं उचललं तर दादांची धाटं गायब! उंदरानं नेलेली. दादा शपथेवर सांगायला लागले, “माझ्या चारी घरात पोचल्या होत्या.”

“उंदरानं पोचिवल्या व्हय?” माय म्हणाली.

पुढं मी गणिताचा मास्तर झालो. संभाव्यता शिकवताना चिंचोके घेऊन वर्गात जातो. चार चिंचोके सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यात दोन पडायच्या सहा, एक आणि तीनच्या चार-चार, चार आणि आठाची एकेकच. चिंचोका नाण्यासारखा समतोल असला तर हे खरं. आजीचे नसावेत. तिला आठ भलतेच पडायचे.

दुकानातल्या लुडोत मात्र जीव रमला नाही. ते पचिसीचंच पोर, 1896 मध्ये इंग्लंडात त्याचं पेटंट झालं. त्यात कुणाला न मारताही घरात जाता येतं. भल्या माणसांचा खेळ!

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत कारखान्यांवर अडकलेल्या मजुरांना गावी यायची परवानगी मिळाली. धाकटा भाऊ, भावजय आणि सात वर्षांचा पुतण्या आले ते थेट गावच्या शाळेत, चौदा दिवसांसाठी. माय भाकरी बांधून द्यायची, मी फाटकाशी ठेवून मागं सरायचो. पोरगं कंटाळलं होतं. त्यानं आतून मातीत काडीनं पट आखला. चिंचोके त्याच्याच हातात, सोंगट्याही तोच हलवणार. मी लांबून नुसतं सांगायचं.

“काका, दोन पडले.”

पुढच्या डावालाही दोन. त्याच्यापुढंही दोन. सलग नऊ वेळा. त्याला मात्र चार काय, आठ काय, सारखे पडत होते. माझ्या दोन सोंगट्या मारून तो आतल्या घरांत शिरलासुद्धा.

“पडतात की,” मी म्हटलं, “दोनच जास्त पडतात.”

मागं माय उभी होती, पदर तोंडाला लावून. नऊच्या नऊ डाव तिनं मोजलेले.

“आज्ज्यावर गेलंय बेनं,” ती म्हणाली.