आरमोरीचा मुक्काम व फिरत्या घरांतील दिवे

गृहस्थाश्रमी माणसानें प्रवासास निघावयाचें म्हणजे घर मागें ठेवून निघावयाचें, अशीच आपली आजवरची समजूत. वळकटी, फिरकीचा तांब्या आणि शिदोरीचा डबा एवढ्या घरच्या वस्तू बरोबर घ्याव्या व बाकीच्या सोयींसाठीं धर्मशाळेवर किंवा आप्तेष्टांच्या ओसरीवर भिस्त ठेवावी, ही रीत. आतां मात्र घरच चाकांवर चढवून नेण्याची टूम आपल्याकडेही आली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कारवान पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून तर हा विषय सुशिक्षित घरांतून बराच बोलला जातो. अशा घराचें सुख कशांत आणि दुःख कशांत, याचा अनुभव गेल्या मार्गशीर्षांत आरमोरीच्या वाटेवर आम्हांस आला. तो वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमची गाडी मूळची एका शाळेची. आमच्याप्रमाणेंच तीही मुलांची चाकरी करून निवृत्त झालेली. आमच्या पुतण्यानें ती विकत घेतली, बाकें काढून निजण्याचे फळीवजा पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी व मागल्या बाजूस लहानसें न्हाणीघर बसवून घेतलें. गाडीची अशी फेररचना करावयाची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. ती त्यानें रीतसर घेतली. प्रवासाचें निमित्त आमच्या वडील भगिनी आक्का यांचें. वय ८० च्या घरांत, दृष्टि अधू, रात्रीं दोनदां तरी उठावें लागतें. वैनगंगा जेथें उत्तरवाहिनी होते त्या मार्कंड्याचें दर्शन एकदां घडावें, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. धर्मशाळेच्या पायऱ्या आतां त्यांस चढवत नाहींत. म्हणून या गाडीचा बेत.

नागपूर सोडून उमरेड, भिवापूर, नागभीड या मार्गानें निघालें कीं मुलूख हळूहळू पालटतो. कपाशीचीं काळीं रानें मागें पडतात आणि धानाच्या बांध्या, त्यांना पाणी पुरविणारे तलाव व साग-ऐनाचीं जंगलें लागतात. या भागास झाडी किंवा झाडीपट्टी हें नांव लोकांनींच दिलें. तलावांस अजून माजी मालगुजारी तलाव म्हणतात. मालगुजारी १९५१ सालीं संपली, पण तलावांनीं नांव सोडलें नाहीं. आम्ही गेलों तेव्हां कापणी उरकून मळणी चालू होती, आणि साऱ्या वाटेला नव्या तणसाचा वास भरून राहिला होता.

पहिला मुक्काम ब्रह्मपुरीच्या अलीकडे एका गांवच्या शाळेच्या पटांगणांत, मुख्याध्यापकांच्या अनुमतीनें केला. रात्र थंडीची, आक्का अंधारांत धडपडतील या भीतीनें छताचे सारे दिवे मध्यरात्र उलटेपर्यंत जळत ठेविले होते. त्यानंतर उजेड लाल लाल होत गेला व अखेर विझला. पहांटे आक्का न्हाणीघराकडे जावयास उठल्या, तों ओट्याच्या कोपऱ्यावर त्यांचें मनगट आपटलें. दुखापत किरकोळ होती. परंतु त्या गप्प झाल्या. सकाळीं चावी फिरवली तर यंत्र हूं कीं चूं करीना. गांवांतील एकानें प्रेमानें ट्रॅक्टर आणला. त्याची बॅटरी १२ व्होल्टची, आमच्या बसची जोडणी २४ व्होल्टची; उपयोग झाला नाहीं. शेवटीं राईस मिलकडे धान नेणारा एक मोठा ट्रक थांबला, त्याची व आमची विजेची जात एक निघाली, आणि तारा जोडून गाडी सुरू झाली. गाडी चालूं लागल्यावर आक्का एवढेंच म्हणाल्या, "माझ्यापायीं सर्वांना त्रास. मला नागपुरास गाडींत बसवून द्या. मार्कंड्याला इथूनच हात जोडतें."

हें ऐकून आमच्या पुतण्याचें तोंड उतरलें. ज्या कारखानदारानें गाडीची बांधणी केली होती त्यानें पलंग व ओटा उत्तम केला, पण दिवे बसचे जुनेच राहूं दिले, आणि ते यंत्र सुरू करणाऱ्या बॅटऱ्यांवरच जोडले. बस ही चालण्यासाठीं केलेली वस्तु. ती चालत असतां यंत्राबरोबर वीज उत्पन्न होत राहते आणि दिवे कितीही खादाड असले तरी भागतें. घर हें मात्र थांबण्यासाठीं असतें. थांबलेल्या गाडींत दिवा लागतो तो सांठविलेल्या पुंजीवर. आणि त्याच पुंजींतून सकाळीं यंत्रास जागें करावयाचें असतें.

ब्रह्मपुरीपुढें वैनगंगेचा लांब पूल ओलांडला कीं पलीकडे आरमोरी. नदी ही येथें दोन जिल्ह्यांची सीमा. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा येथून लागतो. आरमोरी हें तालुक्याचें गांव कोशासाठीं प्रसिद्ध आहे. सोवळ्यांत नेसावयाच्या ज्या कोशाचें आपल्या घरोघर एवढें महत्त्व, त्याचा किडा या रानांत ऐन व अर्जुन यांच्या पानांवर वाढतो. ढिवर समाजांतील कुटुंबें पिढ्यानुपिढ्या झाडांखालीं बसून, पांखरांपासून व मुंग्यांपासून त्याची राखण करीत आलीं आहेत.

गांवांत मोटारींच्या विजेचें काम करणारा एक तरुण कारागीर भेटला. आमची हकीकत ऐकून त्यानें छताकडे पाहिलें, दिवे मोजले आणि म्हणाला, "गुर्जी, उजेड लय नाई पायजे, पुरला पायजे." जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें, पण एवढ्या थोड्या शब्दांत मांडलेलें उदाहरण आमच्या ऐकिवांत नव्हतें. आम्हीं कागद घेऊन तें सोडविलें.

छतास २१ वॅटचे ८ दिवे, म्हणजे १६८ वॅट. २४ व्होल्टनें भागलें असतां तासाला ७ अँपियरचा खर्च. बॅटरीची शक्ति १०० अँपियर-तास. पण शिशाच्या बॅटरीची निम्म्याहून अधिक पुंजी वारंवार खर्च केली तर तिचें आयुष्य खुंटतें, म्हणून हातीं ५० धरावे. ५० भागिले ७, म्हणजे सात तास. सायंकाळीं सहाला लावलेला दिवा रात्रीं एकला संपणार, हें पाटीवरच दिसत होतें. आतां त्याच आठ जागीं ३ वॅटचे एलईडी दिवे बसविले तर एकूण २४ वॅट, म्हणजे अवघा १ अँपियर. तीच पुंजी ५० तास पुरेल. याचें कारण असें कीं जुन्या दिव्यांत तार तापून लाल-पांढरी होते तेव्हां कोठें उजेड पडतो. शंभर भाग विजेंतले नव्वदांहून अधिक उष्णतेंत जातात. एलईडींत तापावयास तार नाहीं. स्फटिकाच्या दोन थरांच्या सीमेवर विजेचे कण एकमेकांस भेटतात आणि त्या भेटींतूनच प्रकाश निघतो.

दिवे बदलणें म्हणजे केवळ एक काढून दुसरा खोंचणें नव्हे, हेंही त्या कारागिरानें समजावून दिलें. २४ व्होल्टची म्हटलेली गाडी चालूं लागली कीं विजेचा दाब २८ पर्यंत चढतो. म्हणून १० ते ३० व्होल्टपर्यंत सारखाच प्रवाह देणारें नियंत्रक यंत्र ज्यांत आहे तेच दिवे घ्यावे. १२ व्होल्टची स्वस्त पट्टी २४ वर लाविली तर ती तत्काळ जळते. धन व ऋण टोकें उलट जोडलीं तर दिवा लागत नाहीं. एलईडीचा उजेड थंड असला तरी त्याची बैठक तापते. म्हणून पट्टी लांकडावर किंवा पडद्याच्या कापडावर न चिकटवितां ॲल्युमिनियमच्या पन्हळींत बसवावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे घराच्या दिव्यांना बॅटरी स्वतंत्र असावी, तिच्या अगदीं जवळ फ्यूज असावा, आणि यंत्राच्या बॅटरीला रात्रीं कोणीं हात लावूं नये. चालत्या गाडींत तारा सतत घासतात. लांकडी फळ्यांच्या घरांत एक ठिणगी पुरे होते.

राहिला प्रश्न रंगाचा. त्याच्याजवळ दोन प्रकार होते. एक ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा, दुसरा ३००० चा पिवळसर. पुतण्याचें मत पहिल्याकडे, कारण तो अधिक लखलखीत. सूनबाईंनीं त्याच दिवशीं बाजारांत घेतलेलें कोशाचें कापड पिशवींतून काढलें व दोन्ही दिव्यांखालीं धरून पाहिलें. निळसर उजेडांत त्याचा मधासारखा रंग राखेसारखा दिसला. पिवळसर उजेडांत तो जसा होता तसा परत आला. निर्णय तेथेंच झाला. पिवळसर उजेडाकडे किडेही तुलनेनें कमी येतात, हा रानांतला आणखी एक लाभ. सायंकाळपर्यंत आठ दिवे व नवी बॅटरी बसली. शिवाय, आमच्या सांगण्यावरून, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत अर्ध्या अर्ध्या वॅटचे तीन बारीक दिवे लाविले. ते वर डोळ्यांत येत नाहींत. फक्त पाऊल कोठें टाकावें एवढें दाखवितात.

त्या रात्रीं जवळच्या एका गांवीं मंडईनिमित्त नाटक होतें. झाडीपट्टीचें नाटक हा या प्रदेशाचा खरा दीपोत्सव. दिवाळीनंतर धान घरीं आलें कीं गांवोगांव नाटकें सुरू होतात तीं होळीपर्यंत. देसाईगंज म्हणजे वडसा येथें मंडळ्यांचीं कार्यालयें आहेत, तेथून त्यांच्या गाड्या सामानसुमानासह निघतात. रात्रीं दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. या रंगभूमीवरील सेवेबद्दल गडचिरोली जिल्ह्यांतील परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. वृद्ध प्रेक्षक टेंभ्यांच्या व पेट्रोमॅक्सच्या उजेडांतील खेळांच्या आठवणी सांगतात. आतां तेथेंही रंगीत एलईडी आले आहेत. थंडींत चादरी पांघरून बसलेल्या हजारों लोकांसमोर तें तेजःपुंज चौकोनी अंगण आणि त्याच्या चारी बाजूंस गाढ काळोख, हें दृश्य विसरण्यासारखें नाहीं.

आक्का व सूनबाई मंडपाशेजारीं उभ्या केलेल्या गाडींतच होत्या. मध्यरात्रीं आम्ही परतलों तेव्हां आंत फक्त ते तीन पाऊलदिवे लागलेले. सूनबाई झोंपलेल्या, आणि आक्का स्वतः उठून, कोणास हांक न मारतां, न्हाणीघरांतून पलंगाकडे हळूहळू येत होत्या. आम्हांस पाहून म्हणाल्या, "नाटक संपलें एवढ्यांत? तुम्ही बसा, मला कांहीं कोणी लागत नाहीं." नागपुरास परत जाण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

या मुलुखांत गाडींतच सर्व सोय असणें ही केवळ चैन नव्हे. आरमोरी-देसाईगंजच्या जंगलांत अलीकडच्या वर्षांत वाघांच्या हल्ल्यांत माणसें दगावलीं आहेत, आणि २०२१ सालीं छत्तीसगडाकडून रानटी हत्तींचा कळपही या जिल्ह्यांत उतरला. येथें रानाच्या कडेला एकट्यानें मुक्काम करूं नये, वस्तींतच करावा, आणि रात्रीं गाडीखालीं पाऊल ठेवूं नये. बाहेर प्रखर दिवा लावून रान दिपविण्याचा मोहही टाळावा. तेथील रात्र ही तेथील जनावरांची. आपण आपल्या चार भिंतींपुरता उजेड घ्यावा.

दुसरे दिवशीं याच तालुक्यांतील वैरागडचा किल्ला पाहिला. येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरींत आहे. हिरा कितीही मोलाचा असला तरी तो परक्या प्रकाशानें चमकतो. स्वतः प्रकाशणारा खडा मनुष्यास फार उशिरां साधला. निक होलोनियाक यांनीं १९६२ सालीं लाल प्रकाशाचा एलईडी केला. निळा साधावयास आणखी तीस वर्षें गेलीं, आणि त्यावांचून पांढरा उजेड होत नव्हता. कारण निळ्या प्रकाशावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊनच तो मिळतो. त्या निळ्यासाठीं अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें ५ जानेवारी २०१५ रोजीं सरकारनें उजाला योजना सुरू केली आणि हे दिवे आपल्या खेडोपाडीं पोंचले. कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हिमालयांतील वनौषधि तेलावांचून दिव्याचें काम करतात असें वर्णिलें आहे. विद्यार्थ्यांना तो भाग शिकवितांना ती निव्वळ कविकल्पना वाटे. आतां तशी वाटत नाहीं.

वाचकांपैकीं कोणी वृद्ध मंडळींस घेऊन अशा गाडीनें निघणार असतील, तर पलंगाची गादी व ओट्याची फरशी पाहण्यापूर्वीं एक हिशेब अवश्य करावा. दिवे किती वॅटचे, बॅटरी किती अँपियर-तासांची, आणि रात्र किती तासांची? त्रैराशिक जुळलें तर घर खरें. आमचें जुळल्यावर तिसरे दिवशीं सकाळीं चावीच्या पहिल्या वळणासरशी यंत्र सुरू झालें आणि गाडी मार्कंड्याच्या वाटेला लागली. आक्का खिडकीशीं बसल्या होत्या; धानाच्या बांध्यांवरून धुकें वर उठत होतें.