हात चिखलात गेले

रोवणाऱ्या बाईचा उजवा हात तुटला तेव्हा मी या कामात नवा नव्हतो, म्हणूनच जास्त लागलं. दीड हात घेराचं सागाचं खोड उभं करून मी ती घडवत होतो. एक हात पुढे, हातात धानाच्या पऱ्ह्यांची पेंडी. चेहऱ्याला अजून हात लावला नव्हता. कोपराच्या आतल्या बाजूला पटाशी लावली, मोगरी हलकेच मारली आणि काडी मोडावी तसा आवाज आला. हात जमिनीवर पडला. तुटलेल्या जागी लाकूड ताजं, मधाच्या रंगाचं होतं आणि सागाला असतो तसा कातड्यासारखा वास आला.

कारण साधं होतं आणि ते मला ठाऊक असायला हवं होतं. खोडाच्या रेषा उभ्या, हात आडवा. त्या हाताच्या लांबीत एकही तंतू अखंड नव्हता. बोट-बोटभर लांबीचे तंतू एकमेकांना चिकटून होते, एवढंच.

आमच्या मूल गावात एक म्हातारे सुतारकाका होते. संध्याकाळी येऊन बसायचे. ठोकळा आता चुलीलाच लावतो, असं मी म्हटलं तर म्हणाले, "फेकून कायले देते गा? आडवा करून पाय."

आडवा केला. आता रेषा जमिनीला समांतर धावत होत्या, थेट वाकलेल्या पाठीसारख्या. रोवण्याच्या दिवसांत उमा नदीकाठच्या कुठल्याही बांधीत बायकांचा चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. मी आजवर कोणाला उभं राहून रोवताना पाहिलं नव्हतं, तरी शिल्पात बाई उभी केली होती. मग पाठ कोरली, पोटाखालचं लाकूड तसंच राखलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या राखलेल्या लाकडात, म्हणजे चिखलात, घातले. बोटं कोरलीच नाहीत. तेव्हापासून माझ्या कुठल्याही शिल्पाचा हात किंवा पाय मोकळा बाहेर येत नाही. लोक त्याला माझी शैली म्हणतात. ती त्या तुटलेल्या हातापासून सुरू झाली.

मातीत काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नाक चुकलं तर चिमूटभर माती लावायची. लाकडात काढलेलं परत लावता येत नाही. चूक झाली की एकच वाट उरते, आणखी आत जाण्याची. गाल खोल गेला तर सगळा चेहरा तेवढा मागे सरकवायचा. मग मान बारीक होते, खांदे उतरतात आणि तरणा माणूस म्हातारा होतो. मी ठरवलं नसतं असं वय माझ्या दोन-तीन शिल्पांना असंच मिळालं.

आणि मुळात आमच्या वाट्याला येतं ते बिनदोष लाकूड नव्हेच. आलापल्ली-बल्लारपूरकडचा सरळ, गाठ नसलेला साग मोठ्या कामाला जातो. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथूनच लाकूड गेलं. मी घेतो ते पोकळ, गाठाळ, फर्निचरवाल्याने नाकारलेलं. फ्लोरेन्सच्या डेव्हिडच्या पुतळ्याचा दगडदेखील असाच दुसऱ्यांनी सोडून दिलेला होता. 1464 मध्ये आगोस्तिनो दि दुच्चो या शिल्पकाराने त्यावर काम सुरू केलं, पुढे रोसेलिनोकडे ते गेलं, तेही थांबलं. आधीच घाव पडलेला, उंचीच्या मानाने पातळ असा तो संगमरवर 1501 मध्ये मायकेलअँजेलोच्या हाती आला. जेवढा उरला होता तेवढ्यातच 17 फुटांची आकृती बसवायची होती. त्याचं बाजूने काढलेलं छायाचित्र मी पुन्हापुन्हा पाहतो. समोरून तो भव्य आहे, बाजूने पाहिला की केवढा चिंचोळा!

मात्र प्रत्येक चूक काही देतेच असं मी म्हणणार नाही. सागात वाळूचा अंश असतो, त्यामुळे धार लवकर जाते. बोथट पटाशीने ओरबाडलेला पृष्ठभाग कुठलीही नवी वाट दाखवत नाही. तो आळस आहे. धार लावायला उठायचं, बस्स.

माझी दुसरी मोठी चूक ओल्या लाकडाची. पावसाळ्यात आणलेलं अख्खं खोड पुरतं सुकू न देताच मी कोरायला घेतलं. लाकूड वाळताना परिघाच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राच्या दिशेने आकसतं. म्हणून गाभ्यासकट ठेवलेलं खोड चिरणारच. जपानी मूर्तिकारांनी हे हजार वर्षांपूर्वी ओळखलं. जोचोने 1053 मध्ये ब्योदोइन मंदिरासाठी केलेली अमिदा बुद्धाची मूर्ती अनेक तुकड्यांची आहे आणि आतून पोकळ. मी घाई केली. मे महिन्यात, पारा 45च्या वर गेला तेव्हा माझ्या शिल्पाला बोट जाईल एवढी भेग पडली. भुसा आणि गोंद कालवून मी ती भरली. पाऊस आला, लाकूड फुगलं, मधल्या घट्ट भरावाने त्याला जागा दिली नाही आणि शेजारी दुसरी भेग पडली.

मग भराव कोरून काढला. शिल्प माणसाचं होतं, ते पुसून टाकलं. पृष्ठभाग सपाट केला, कडेने बांध राखले आणि त्या दोन भेगा तशाच ठेवल्या. झाली उन्हाळ्यातली धानाची बांधी.

ती पडवीत ठेवली आहे, विकलेली नाही. मे महिन्यात मोठ्या भेगेत दहाचं नाणं उभं जातं. मामा तलाव, म्हणजे गावचा जुना मालगुजारी तलाव, भरून सांडवा वाहायला लागतो तेव्हा मी पुन्हा नाणं लावून बघतो. श्रावणात तिथे पोस्टकार्डाची कडसुद्धा शिरत नाही.